तांबडीचं दावं

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

बुक केली! घरात अजून सांगितलेलं नाही.

बद्रीनाथनं ओढून नेलं. 'नुसती बघून ये यार, बघायला काय जातंय?' कंपनीत माझ्या शेजारच्या लाइनवर असतो, आणि दुसऱ्याला खड्ड्यात ढकलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. जालना रोडवरच्या शोरूममध्ये पोरानं चावी हातात दिली. गोल हेडलाइट, लांब सपाट सीट, दोन्ही अंगांना सायलेन्सर. दिसायला आमच्या लहानपणच्या गाड्यांसारखी, पण आत सिलिंडर दोन. सुरू केली तर थडथड नाही, आदळआपट नाही, खोल पोटातून घुमल्यासारखा आवाज. एक चक्कर मारून आलो, पण उतरावंसं वाटेना. पोरानं विचारलं, 'सर, कलर?' मी म्हटलं, तांबडा. विचारच केला नाही.

हे वेड कुठून लागलं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचं धनगराचं घर. मी तीन-चार वर्षांचा असेन तेव्हा आमचा वाडा सोयगावकडून खाली यायचा. वाडा म्हणजे घर नव्हे — मेंढरं, माणसं, कुत्री, घोडी, सगळं चालतं बिऱ्हाड. भांडीकुंडी घोडीच्या पाठीवर, आणि त्या बोजावर मी! एकदा ती घोडी माझ्यासकट उधळली. पुढचं-मागचं काही आठवत नाही. फक्त तोंडावरचा वारा आठवतो, आणि मी हसत होतो ते. तसला वारा पुन्हा कधी लागला नाही. अर्धं आयुष्य वाळूजच्या कंपनीत शेडच्या पंख्याखाली गेलं.

आज लागला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

१४ फेब्रुवारी

सांगून टाकलं. सत्यशीला भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. 'घरात प्यायचं पाणी इकत घ्यायलोत, अन् तुम्हाला घोडं पायजे.' बस, एवढंच. बायको भांडली की बरं वाटतं. गप्प बसली की जड जातं. अक्षदा मात्र कॉलेजची बॅग टाकून नाचायला लागली.

आबांनाही सांगितलं. 'बरं,' म्हणाले. थोड्या वेळानं परत विचारलं, 'काय म्हणलास तू?' आई गेल्यापासून असंच. एवढी मेंढरं राखलेला माणूस, मल्हारराव म्हटलं की सगळ्या पट्ट्यात नाव होतं — आता सकाळी जेवलो का ते आठवत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

आली! नारळ, हार, पेढे, चाकाखाली लिंबं. शेजारचे सांडूभाऊ दोनदा गोल फिरून म्हणाले, 'एव्हरेज किती देती?' विचारू नये तेच नेमकं हा माणूस विचारतो.

आबा ओट्यावर आले आणि उभेच राहिले. मग आत जाऊन भंडाऱ्याची पिशवी आणली. हेडलाइटवर उधळला, टाकीवर उधळला. टाकीवरून हात फिरवला, मानेवरून फिरवावा तसा.

'तांबडी गावली व्हय रं?'

'आबा, मोटरसायकल आहे ही.'

'व्हय, व्हय. मागं शिंगरू नाय ना?'

सगळे हसलो. मी म्हटलं, बसा मागं, चक्कर मारून आणतो. तर एकदम मागं सरकले. 'छ्या! घोडीवर बाप्या बसत नसतो. घोडीवर बिऱ्हाड अन् लेकरं. आपून पायी.'

वाड्यात रीत होती तशी, मान्य. धडधाकट माणूस घोडीवर बसला की लोक नावं ठेवायचे. पण त्याला जमाना झाला! किती विनवलं, बसले नाहीत. एवढ्या हौसेनं आणलेल्या गाडीवर बापानं बसू नये — राग आला. पेढा गोड लागला नाही.

३ मार्च, रविवार

पहिली लांब फेरी. पडेगावातून निघालो, मिटमिटा, शरणापूर फाटा, पोटूळ, थेट लासूर स्टेशन. बद्रीनाथ त्याच्या जुन्या खटाऱ्यावर मागं, ओरडत — 'अबे, थांब की!' थांबतंय कोण!

रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघवत नाही. मार्च लागत नाही तोच विहिरींचे तळ दिसायला लागलेत. टँकरच टँकर. लासूरच्या बाजारात जनावरं उभी होती, गिऱ्हाईक नाही. चारा नाही, कोण घेईल? एक बैल माझ्या गाडीकडं बघत होता. मी नजर फिरवली आणि गाडी फिरवली.

येताना पोटूळ फाट्यावर चहा. पत्र्याचं हॉटेल, वच्छलाबाई नावाची बाई चालवते, मागं शेळ्या बांधलेल्या. आल्याचा चहा लई फक्कड.

घरी आलो तर दारात गर्दी! आबा फाटक उघडून निघून गेले होते. सांडूभाऊंना नाक्याजवळ सापडले. हातात कपडे वाळत घालायची निळी दोरी. 'कुठं निघाले होते आबा?' माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि गपचूप घरात जाऊन झोपले.

५ मार्च

नळ आज पण आला नाही. सत्यशीला माझ्याशी दोन वाक्यं बोलली. दोन्ही पाण्याबद्दल.

११ मार्च

डोकं फिरलंय. कंपनीत जायला खाली आलो तर गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला दोरी! घोडीचे पाय बांधतात तसा पक्का पायबंद घातलेला. गाठ सुटता सुटेना. सुरी घेऊन कापायला गेलो तर हात निसटला आणि क्रोमवर ओरखडा. नव्या गाडीवर!

ओरडलो. नको तेवढं ओरडलो. 'आबा, ही घोडी नाही! कळतंय का? मेंढरं गेली, वाडा गेला, सगळं संपलं कधीच!' ते बघत राहिले. ओठ हलत होते. अक्षदा म्हणाली, 'पप्पा, बस करा.'

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. माझीच मला लाज वाटत होती. संध्याकाळी त्यांच्यासाठी जिलबी नेली. खाल्ली. सकाळचं काही आठवतच नव्हतं त्यांना. मला आठवतंय ना पण.

१७ मार्च, रविवार

परत तेच. मी दौलताबादपर्यंत जाऊन तासाभरात आलो, तेवढ्यात आबा गायब. मिटमिट्याच्या पुढं सापडले, हायवेच्या कडेनं चाललेले, अंगावरून ट्रक जायलेत. अनवाणी. आणि हातात परत दोरी! या वेळी सांडूभाऊंच्या गोठ्यातलं दावं उचललेलं.

सत्यशीला मला आत घेऊन गेली. दार लावलं. 'माणसानं बाहीर जाताना दावं कामून घ्यावं वो?' तिच्या डोळ्यांतलं मला दिसलं आणि माझ्यातलं तिला दिसलं असेल. तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. दुपारी दोघांनी मिळून घरातल्या सगळ्या दोऱ्या गोळा केल्या. वाळवणाची तार, झोक्याची दोरी, अक्षदाची उड्या मारायची दोरी सुद्धा. सगळं माळ्यावर टाकलं.

आई गेल्यावर हा माणूस आतून इतका खचला, आणि मला कळलं नाही? मी गाडीचे रंग बघत होतो.

२० मार्च

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, वाढत जाणार. अशा माणसांना जुन्या गावाची ओढ लागते. 'तुमचं मूळ गाव कोणतं?' सोयगावकडं. 'मग तिकडंच जायला निघत असतील. दार बंद ठेवा.'

तसं म्हटलं तर सोयगाव उत्तरेला आणि आबा दोन्ही वेळा पश्चिमेला गेले. पण ज्याला जेवलेलं आठवत नाही त्याला दिशा काय आठवणार! झोपेची गोळी दिलीय.

येताना औरंगपुऱ्यात थांबून फाटकासाठी साखळी आणि कुलूप घेतलं. आबांनी साखळी हातात घेऊन बघितली. 'जड व्हईल रं तिला,' म्हणाले. गाडीकडं बघून.

३१ मार्च, रविवार

गाडी काढली नाही. मनच झालं नाही. आबा दिवसभर गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. कुठं गेले नाहीत, कुणाला त्रास नाही. दुपारी तिथंच पेंगले. गोळीचा गुण येतोय म्हणायचं!

९ एप्रिल, पाडवा

सणाचा दिवस, म्हणून गाडी पुसायला बादलीभर पाणी घेतलं. रस्त्यावरून हंडा घेऊन जाणाऱ्या बाईनं असं बघितलं की बादली तशीच परत नेली. ओल्या फडक्यानं पुसली. आपल्याकडं चार चाकं, दोन चाकं, दहा मजले सगळं वाढायलंय. इथं मागच्या माळावर बघता बघता सहा इमारती उठल्या. पाणी तेवढं सोडून.

आणखी एक. दुपारी आबांच्या पेल्यातलं पाणी सारखं संपतंय कसं म्हणून बघायला गेलो, तर त्यांनी ते पातेल्यात ओतून गाडीच्या पुढच्या चाकापाशी नेऊन ठेवलेलं. स्वतः तहानलेले. सत्यशीलानं डोळ्याला पदर लावला. मी तिथून उठून गेलो, आणि फडकं घेऊन उगीच आरसा पुसत बसलो.

२८ एप्रिल, रविवार

गेलो. हो, गेलो! महिनाभर आवरलं स्वतःला. आबांना जाग येऊ नये म्हणून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली आणि मग सुरू केली. बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. स्वतःच्या बापाला.

लासूरपर्यंत गेलो-आलो. वारा तोच होता, पण मजा नाही. उन्हाच्या नुसत्या झळा. परत आलो तर आबांचे हात सुजलेले! मी गेल्यापासून दार बडवत होते म्हणे. सत्यशीला पाणी पाजायला गेली तर तिला बाजूला ढकललं. आजवर सुनेला कधी 'अगं' म्हणाले नाहीत ते आबा!

'तुम्ही घरी असला की गोगलगाय असत्यात. तुम्ही नसला की चेकाळत्यात.' सत्यशीला म्हणाली.

'म्हणजे माझी चूक?'

'मी काय म्हणले का तसं?'

म्हणाली नाही, पण तेच म्हणाली. रात्री जेवलो नाही.

१ मे

अक्षदानं आबांच्या सगळ्या बंड्यांना मानेपाशी आतून माझा नंबर लिहिला. न पुसणाऱ्या पेननं. पोरगी शहाणी आहे, कुणावर गेली देव जाणे.

१२ मे, रविवार

आबा सापडत नाहीत.

१३ मे

काल सकाळी गेलो होतो. बद्रीनाथ म्हणाला, 'एकच चक्कर, पोटूळला चहा पिऊ, परत.' वच्छलाबाईकडं चहा घेतला आणि त्याच पावली परत आलो. तेवढ्यात टँकर आला होता. आठ दिवसांनी. सत्यशीला नळी धरायला धावली, फाटकाचं कुलूप काढून. तिला काय बोलू? पाणी आल्यावर कोण थांबतं? ती स्वतःलाच मारून घेत होती. 'मी गेलते, मीच गेलते!' अक्षदानं हात धरले तिचे. सांडूभाऊंच्या गोठ्यातलं दावंही गायब आहे. पुन्हा.

पोलिसांत दिली तक्रार. डॉक्टर म्हणाले होते तसं उत्तरेला गेलो. हर्सूल, सावंगी, फुलंब्री. प्रत्येक टपरीवर, प्रत्येक टँकरवाल्याला फोटो दाखवला. आज तर सोयगावपर्यंत! आत्या तिथं असते, भागूबाई, आबांची धाकटी बहीण. तिच्याकडंही आले नव्हते. आत्या दारातच बसली, म्हणाली, 'दादाला ऊन सोसत नाय आता.' उन्हात डांबर वितळत होतं. एका पुलाखाली वाळक्या बाभळीला काहीतरी लटकल्यासारखं दिसलं. गाडी कशी थांबवली मला माहीत नाही. जवळ जाऊन बघितलं तर फाटकं पोतं. तिथंच बसून ओकलो.

१४ मे

नाही.

१५ मे, बुधवार

सापडले. जिवंत आहेत.

दुपारी फोन वाजला. मी कन्नड रोडवर होतो. बाईमाणसाचा आवाज. 'बंडीवर नंबर हाय म्हून केला. एक म्हातारबाबा हायेत, पडलेत.' कुठून बोलताय? 'पोटूळ फाटा.' पोटूळ! मी तीन दिवस उत्तर पालथी घातली आणि आबा पश्चिमेला!

वच्छलाबाईच. शेळ्यांच्या मांडवात बाजेवर निजवलं होतं. पायाचे तळवे बघवले नाहीत. कातडी अशी राहिलीच नव्हती. ओठ फुटलेले. उजव्या हाताच्या मुठीत दावं, आणि ती मूठ उघडत नव्हती.

मी वच्छलाबाईवर ओरडलो — तीन दिवस कळवलं का नाही! तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, 'भाऊ, रविवारी सांच्याला आले हे. म्हणले, वाडा म्होरं गेलाय, मी मागं राहिलो. धनगराचे वाडे दर उन्हाळ्यात जात्यात इथून. मागं राहिलेलं माणूस दोन दिस थांबतंय, भाकर खातंय, जातंय. मी काय इचारणार? बोलायचे तर समदं बरोबर. शेळीचा खूर धरून सांगितला, हिला लंगडी हाय म्हून. खरंच निघाली.' ती म्हणते ते खरं. आमच्यातल्या कुणालाही असंच वाटलं असतं. मलाही.

मग ती म्हणाली, 'येणाऱ्या-जाणाऱ्या परत्येक गाडीला हात करायचे. तांबडी घोडी गेली का म्हून इचारायचे.'

माझ्या डोक्यात काहीच शिरेना.

ती बाहेर उभ्या गाडीकडं बघत होती. 'रविवारी सकाळी तुम्हीच आलते ना चहाला? हीच गाडी?'

गाव नाही, मेंढरं नाहीत, काही नाही. मी जाईन तिकडं ते येत होते! दर वेळी. वाड्यात हेच काम होतं त्यांचं. रात्री चरायला सोडलेली घोडी लांब गेली की दावं घेऊन पहाटे तिला हुडकून आणायचं. मी त्यांना हुडकत सोयगावला गेलो आणि ते गाडीला हुडकत इथं बसलेले. खबर कळताच आलेला बद्रीनाथ ॲम्ब्युलन्समध्ये म्हणाला, 'काखेत कळसा अन् गावाला वळसा.' मग स्वतःच जीभ चावली.

एक मात्र झालं. दावं गळ्यासाठी नव्हतं. सत्यशीलाला सांगितलं तेव्हा ती हसली आणि लगेच रडली.

१९ मे, रविवार

दवाखाना. सलाईन चालू. किडनीवर ताण आलाय म्हणतात. ताप उतरला की बोलतात, पण एकच वाक्य. 'गाठ मारली का?' नर्सला, डॉक्टरला, वॉर्डातल्या झाडूवालीला. 'गाठ मारली का गं?' मी सांगतो, मारली आबा, घोडी बांधलीय, कुठं जात नाही. पण त्यानं काही समाधान होत नाही. मान हलवतात आणि परत तेच.

गाडी पोटूळलाच आहे, वच्छलाबाईच्या मांडवात. आणायला जावंसं वाटत नाही. विकावी. बद्रीनाथला म्हटलं, गिऱ्हाईक बघ.

२३ मे

आत्या आली. आबांच्या उशाशी बसली. आबांनी तिलाही तेच विचारलं, 'गाठ मारली का?' आत्यानं त्यांचा हात धरला आणि असा हुंदका दिला की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली.

बाहेर बाकावर आणून पाणी दिलं. म्हटलं, आत्या, ते घोडीचं बोलतात. आजार आहे तो.

'घोडीचं नाय रं ते. तुला काय ठावं हाय?'

म्हटलं, मला सगळं आठवतं. घोडी उधळली होती, मी वर होतो. मी हसत होतो.

'हसत व्हतास, ते खरं हाय. गावलास तवा बी हसतच व्हतास!' मग ती बोलत राहिली, पदर तोंडावर धरून. 'लेकराला बोजावर बसवलं की कमरंला दावं घालून बांधायचं असतंय. तुझी माय म्हणली, आपल्या रामाला बांधा. दादा म्हणला, बांधतो. तेवढ्यात मेंढरं सडकंवर आली, ह्यो तिकडं पळाला. अन् इसरला. ट्रकानं हारन दिला, घोडी उधळली. दादा मागं, पायी, अनवाणी. येईल त्याला इचारायचा, तांबडी घोडी गेली का? पोरगं हाय माझं वर, बांधल्यालं नाय. दिस मावळला तवा गावली, नदीच्या वाळूत. अन् तू वर बसल्याला! दादानं तुला खाली घेतलं अन् तिथंच बसून रडला. बाप्या माणूस, समद्यांच्या म्होरं.'

'मग?'

'मग काय. आठ दिसात घोडी इकली. घोडीबिगर वाडा चालतंय का? मेंढरं बी इकली. म्हणला, शेरात जातो, लेकरू सडकंवर नको.'

मला जन्मभर सांगितलं होतं की दुष्काळ पडला म्हणून मेंढरं विकली.

आत्या एसटीत बसून गेली. मी स्टँडवरच कितीतरी वेळ उभा होतो. वाळूज, शेड, पडेगावचं घर, हे सगळं त्या एका न मारलेल्या गाठीमुळं. आणि मी तो वारा शोधत होतो! म्हातारा माणूस फुटक्या पायांनी रस्त्यावर गाड्यांना हात करत होता, ते माझ्यासाठी. मी पडेन म्हणून.

२७ मे

आबांना घरी आणलं. गाडीही आणली, बद्रीनाथनं चालवत. आबांनी मला नखशिखांत बघितलं.

२ जून, रविवार

आबांच्या पायाच्या पट्ट्या निघाल्या. दवाखान्यातून आणून माळ्यावर टाकलेलं ते दावं सकाळी मीच काढून त्यांच्या हातात दिलं, आणि गाडीवर जाऊन बसलो. किल्ली घरात. सांडूभाऊ फाटकातून बघत होते, बघू देत.

आबांनी माझ्या कमरेभोवती दोन वेढे घेतले, सीटखालून ओढले, गाठ मारली. ओढून बघितली. परत एकदा ओढून बघितली. 'आता नाय पडायचास,' म्हणाले. मग ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि बघता बघता गाढ झोपले, तोंड उघडं टाकून.

मी तसाच बसून राहिलो. सत्यशीलानं चहा तिथंच आणून दिला.